नळी नंबर चव्वेचाळीस

“मावशी, जरा उभ्या राहा,” मॅडम माइकवर म्हणाल्या.

मी उभी राहिले. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाजूला माझी नात पल्लवी. मागं सगळा हॉल भरलेला. भंडाऱ्याचे डॉक्टर, वकील, कॉलेजचे मास्तर, त्यांच्या बायका. मॅडमना मोठं बक्षीस मिळालं होतं, त्याचा सत्कार होता. आम्हाला आणायला गावात गाडी पाठवली होती.

“या बाईंचा मुलगा सिकलसेलनं गेला,” मॅडम म्हणाल्या. “बारा वर्षांचा होता. घरात एवढं घडल्यावरही यांनी आपली मुलगी सख्ख्या आत्याच्या घरी दिली. रक्ताच्या नात्यात. त्याचा परिणाम त्यांच्या शेजारी बसला आहे. अज्ञान आणि रूढी काय करतात, याचं याहून स्पष्ट उदाहरण मी एवढ्या वर्षांच्या संशोधनात पाहिलं नाही.”

परिणाम म्हणजे पल्लवी. सोळा वर्षांची. तिला ऐकू येतं. तिनं मान खाली घातली आणि ओढणीनं तोंड पुसल्यासारखं केलं. डोळे पिवळे दिसतात म्हणून ती तशीही कोणाकडे सरळ पाहत नाही.

लोकांनी च् च् केलं. मागून एक बाई म्हणाली, “बिचारी. पण या लोकांना किती सांगा.” मला कोणी काय सांगितलं होतं, ते तिला काय माहीत.

मग एक मुलगी ताट घेऊन आली. साडी, नारळ, गुलाबाचं फूल. फोटोवाला म्हणाला, “आजी, इकडे पाहा. थोडं हसा.” मी तिकडे पाहिलं. हसले नाही. पण उभी राहिले. सांगितलं तितका वेळ उभी राहिले, हे मी लपवत नाही.

मॅडमनी मागच्या पडद्यावर चित्र लावलं. म्हणाल्या, “हे याच कुटुंबाचं.” त्यात गोल होते, चौकोन होते, रेघांनी जोडलेले. काही अर्धे काळे, काही पूर्ण काळे. मॅडमनी सांगितलं, पूर्ण काळा म्हणजे रोग झालेला, अर्धा काळा म्हणजे रोग दिसत नाही पण रक्तात आहे, आणि असे दोन अर्धे जुळले की लेकराला रोग होऊ शकतो. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. आकडे येतात. बसवर, कॅलेंडरवर, गॅसच्या पुस्तकावर तेच असतात. एका पूर्ण काळ्या चौकोनावर तिरपी रेघ मारली होती. खाली ४३. त्याच्या बाजूला एक गोल, अर्धा काळा. खाली ४४. तिथून एक रेघ दुसऱ्या चौकोनाकडे गेलेली. तोही अर्धा काळा, खाली ५८. आणि त्या दोघांच्या खाली एक गोल, पूर्ण काळा.

प्रत्येक नंबराखाली बारीक अक्षरात साल होतं. तपासणीचं.

चव्वेचाळिसाखालचं साल मी वाचलं. परत वाचलं. ते माझ्या मुलीच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं होतं.

चव्वेचाळीस नंबरची रक्ताची नळी माझ्या शालूची. शालू म्हणजे पल्लवीची आई. हे त्या हॉलमध्ये मॅडमना आणि मलाच माहीत होतं. कारण त्या नळीवर नंबराची पट्टी मी लावली होती.

आधीचं सांगितल्याशिवाय हे समजणार नाही.

मॅडम पहिल्यांदा आमच्या गावात आल्या तेव्हा तीस वर्षांच्याही नव्हत्या. आमचं गाव करडी गावाच्या अंगाला, तलावाखाली सगळ्या धानाच्या बांध्या. मॅडम भंडाऱ्यातल्या मोठ्या वकिलाची मुलगी. नागपूरला शिकत होत्या, पीएच.डी. करायची होती. रक्तातली लाल पेशी वाकडी कशानं होते, आणि दोन पोरांना एकच रोग असून एक मरतं आणि एक जगतं ते कशानं, हे त्यांना शोधायचं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. सोपं करून सांगत. आवाज चढवत नसत.

माझा दिनेश तेव्हा अकरा वर्षांचा होता. थंडी पडली की त्याचे सांधे सुजायचे. पावसात भिजला की रात्रभर कण्हायचा. कोणी वात म्हणे, कोणी बाहेरची बाधा म्हणे. मी सगळं करून पाहिलं होतं. शालूच्या आधी माझी दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. ती कशानं गेली, ते कोणी पाहिलंच नाही.

मॅडमनी दिनेशच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. काचेवर ठेवला, त्यात औषध टाकलं, वरून पातळ काच ठेवली आणि कडेनं नेलपॉलिश लावून बंद केली. गावातल्या पोरी नेलपॉलिश पाहून हसल्या. अर्ध्या तासानं त्यांनी मला दुर्बिणीत पाहायला लावलं.

“काय दिसतं, मावशी?”

“विळे दिसतात.”

“हाच तो रोग. सिकल म्हणजे विळाच.”

मी त्यांचे पाय धरायला वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला माझ्या पोराला काय झालं ते दाखवलं होतं. त्यांनी पाय धरू दिले नाहीत. म्हणाल्या, “पाय नका धरू. मला कामात मदत करा.”

मग मी मदत केली. गावात रक्त द्यायला कोणी तयार नव्हतं. आमच्या पलीकडचा म्हातारा म्हणे, “एवढ्याशा नळीत नेऊन काय करते ती? नागपुरात चहात टाकते का?” मी घरोघर फिरले. सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले, “आधी माह्या घरचं घ्या, मंग या लोकांचं.” तसंच केलं. एक्केचाळीस मी, बेचाळीस घरवाला, त्रेचाळीस दिनेश, चव्वेचाळीस शालू. शालू सतरा वर्षांची होती, सुईला भीत होती. तिचा हात मी धरला. आमच्या आधी चाळीस नंबर दुसऱ्या गावांत झाले होते. आमच्या गावातली तीसेक घरं मी करून दिली. त्यातली तीन-चार घरं झाली तेव्हाच अड्याळला नणंदेचं घरही मीच करून दिलं. तिचा मुलगा, म्हणजे दिनेश-शालूचा आतेभाऊ, त्याची नळी अठ्ठावन्न.

चौथी शिकलेली असल्यानं नळीवर चिकटपट्टी लावून नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं. मला तेव्हा त्याचा अभिमान होता. नंबरासमोरचं नाव माझ्या डोक्यात राहायचं. अजून आहे.

मॅडमजवळ हातानं फिरवायचं एक यंत्र होतं. ते खाटेच्या पाटीला आवळायचं, त्यात चार नळ्या ठेवायच्या आणि दांडा गरगर फिरवायचा. लाल रक्त खाली बसतं, पिवळं पाणी वर येतं. ते पिवळं काढून टाकायचं, मिठाचं पाणी घालायचं, परत फिरवायचं. असं तीनदा. याला रक्त धुणं म्हणतात. एका वेगानं फिरवावं लागतं, कमी नाही, जास्त नाही. जात्यावर हात बसलेला होता, मला ते जमलं. मॅडम म्हणायच्या, “मावशींचा हात मशीनपेक्षा सारखा चालतो.” मग ते सगळं बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला जायचं.

मी एकदा विचारलं, “मॅडम, रिपोर्ट कवा भेटन?”

“नागपूरला मशीनमध्ये कागदी पट्टीवर रक्त चालवावं लागतं. मग नक्की कळतं, कोणात किती आहे ते. येईल, मावशी.”

दिनेश बारा वर्षांचा असताना पौषात गेला. छाती भरून आली आणि दोन दिवसांत गेला. मॅडम ऐकून आल्या. माझ्या घरातल्या खाटेवर बसून रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. मी जवळून पाहिलं. त्यानंतर काही महिन्यांत त्या परदेशात गेल्या, पुढचं शिकायला. जाताना निरोप पाठवला होता. रिपोर्टचं त्यात काही नव्हतं.

आता आमची चूक सांगते.

आमच्याकडे मलेरियावाला येतो. ताप आला असेल त्याच्या बोटाला टोचतो, काचेवर रक्त घेतो, निघून जातो. रक्तात मलेरिया निघाला तर तो परत येतो, गोळ्या देतो, समोर उभा राहून खायला लावतो. नाही निघाला तर येत नाही. आम्ही लहान होतो तेव्हापासून असंच आहे. तो परत आला नाही की घरातला माणूस म्हणतो, चला, रक्त साफ आहे. आम्हाला रक्ताच्या तपासणीची एवढीच रीत माहीत.

मॅडम दिनेशचं सांगायला बसल्या होत्या. बाकी कोणाचं सांगायला आल्या नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आम्ही समजलो, बाकी सगळ्यांचं साफ आहे.

नणंद शालूला मागायला आली. “वहिनी, भावाची पोरगी बाहेर कायले जाऊ द्याची? मले दे. माह्या घरी तिले सून नाही म्हणन कोणी.” आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देणं मानाचं. मुलीला सासू परकी नसते. भाचा चांगला, कष्टाळू, दारू नाही. शालूचीही हरकत नव्हती.

तरी घरवाल्यानं विचारलं होतं. तो कमी बोलायचा, पण त्यानं विचारलं. “त्या नागपूरच्या पोरीनं रक्त नेलं होतं ना आपलं? तिकडचंबी नेलं होतं?”

मी म्हणाले, “नेलं होतं. कोणी सांगाले आलं नाही. काही निघालं असतं तर आली असती.”

हे मी म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

लग्न झालं. पल्लवी झाली. वर्षाची होत आली तेव्हा तिच्या हातापायांचे पंजे सुजले, गुलाबजामासारखे टम्म. शालू तिला घेऊन माझ्याकडे आली. मी पाहिलं आणि मला कळलं. दिनेशलाही त्या वयात असंच झालं होतं.

त्याच हिवाळ्यात मॅडम परदेशातून परत आल्या. नागपूरला मोठ्या जागी नोकरी, स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली पोरं. गावात आल्या तर आधी माझ्याकडे आल्या. पल्लवी मांडीवर होती. त्यांनी तिचा पाय हातात घेतला, डोळे पाहिले. मग शालूला विचारलं, “लग्न कुठं केलं तुझं?”

“अड्याळले. आत्याच्या घरी.”

मॅडमनी पिशवीतून जुनी वही काढली. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या पानावर. वही मिटली. पल्लवीच्या टाचेतून रक्त घेतलं. जाताना एवढं म्हणाल्या, “हिला सिकल आहे, मावशी. जपा.” आहे ते सांगितलं. कशामुळं आहे ते सांगितलं नाही. आम्ही समजलो, दिनेशच्या नशिबात होतं तसं हिच्या नशिबात आलं. पुढच्याला येणार नाही.

पल्लवीच्या मागं शालूला मुलगा झाला. सात महिन्यांचा होऊन गेला.

त्यानंतर मॅडम दरवर्षी येत राहिल्या. आमच्या घरात काहीतरी असं आहे की त्यानं मोठेपणी पेशी कमी वाकते, म्हणून आमचं रक्त त्यांना फार मोलाचं होतं. त्या मोठ्या होत गेल्या. त्यांच्या हाताखालची पोरं डॉक्टर झाली, परदेशात गेली. मॅडमनी पल्लवीसाठी डॉक्टरांना फोन केले, गोळी चालू करून दिली, थंडीत स्वेटर पाठवला. हे सगळं खरं आहे. म्हणून मी कधी शंका घेतली नाही. पल्लवीला रक्त चढवायला भंडाऱ्याला नेताना माझ्या मनात एकच असायचं, की मॅडम आहेत, काहीतरी शोधून काढतील.

शोधून काढलं होतं. वहीत होतं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये मी पडद्यासमोर उभी होते. हातात साडी-नारळ. मॅडम पुढं बोलायला लागल्या होत्या. मी बसले नाही. पायऱ्या चढून वर गेले.

“मॅडम, हे चव्वेचाळीस नंबर माह्या शालूचं आहे.”

“मावशी, आपण नंतर बोलू.” माइक चालू होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

“खाली साल लिहिलं आहे. ते कायचं आहे?”

“तपासणीचं.”

“तवा शालूचं लग्न झालं नव्हतं.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिथं काय लिहिलं आहे हे त्यांना त्या वेळेपर्यंत दिसलंच नव्हतं. त्यांनी ते चित्र किती ठिकाणी दाखवलं असेल. कोणाला त्या सालाचा अर्थ लागला नसेल, कारण शालूचं लग्न कधी झालं ते कुठं कोणाला माहीत होतं.

“ते संशोधनाचे नमुने होते, मावशी,” त्या हळू बोलल्या. “रिपोर्ट देणं माझ्या कामात नव्हतं.”

एक गृहस्थ उठून माझ्याजवळ आले. “आजी, चला खाली, चहा घेऊ.” त्यांनी माझ्या दंडाला धरलं. मी दंड सोडवून घेतला.

“मले माहीत नव्हतं, हे खरं,” मी मॅडमना म्हणाले. “तुम्हाले माहीत होतं. मंग उभं कोणी राहावं?”

माइकवाल्यानं माइक बंद केला. मी साडी आणि नारळ टेबलावर ठेवले, खाली आले, पल्लवीला म्हणाले, “चाल.” दारापर्यंत जाताना कोणी च् च् केलं नाही.

त्यांची गाडी उभी होती. आम्ही तिच्यात बसलो नाही. चालत स्टँडवर गेलो, अड्याळची बस धरली. पल्लवीला चढताना त्रास होतो, तिला खिडकीची जागा दिली.

तिनं खिडकीची काच सरकवली. मग म्हणाली, “आजी, तवा रिपोर्ट भेटला असता तर आईचं लग्न बाबाशी झालं नसतं.”

“नसतं झालं.”

“मंग मी नसती.”

मी खोटं बोलत नाही. “नसती,” मी म्हणाले.

“मंग हे बरं झालं की वाईट?”

“मले नाही माहीत, माय.”

तिनं डोकं खिडकीला टेकवलं. थोड्या वेळानं म्हणाली, “दुखते तवा वाटते नसतीच तर बरं. बाकीच्या टायमाले नाही वाटत.” तिचं एवढंच बोलणं. ती मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिला हा हिशेब करावा लागतो, तोही बसमध्ये.

अड्याळला शालू अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. रिपोर्ट होता. लग्नाच्या आधी होता. तुझा अर्धा काळा, जावयाचा अर्धा काळा. वहीत होता.

शालूचं सूप थांबलं नाही. निवडत राहिली. मग म्हणाली, “माय, माहा हात तूच धरला होता.”

एवढंच. तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त आठवून बोलली. मग तिनं खडे वेगळे काढले आणि तांदूळ घरात नेले.

नणंद म्हणाली, “आता सांगून तुले काय भेटलं, वहिनी? पोरीच्या जिवाले घोर लावला.” तिचंही खरं होतं. त्या रात्री मी तिथं जेवले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले.

महिनाभरानं मॅडम आल्या. बरोबर एक तरुण डॉक्टर. पुढचं काम आता तो पाहणार होता. मी त्यांना खाट टाकून दिली. पाणी दिलं. घरी आलेल्याला पाणी देतात.

“त्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं, मावशी.”

“तुम्ही मले उभं केलं होतं.”

मॅडमनी पाण्याचा गिलास उचलला. “मी तुमच्याशी कधी वाईट वागले?”

“नाही.”

“दिनेश गेला तेव्हा मी इथंच रडले होते.”

“हो. रडल्या होत्या.”

“मग?”

“मंग नागपूरले जाऊन पट्टी चालवली, तवा शालूचं तोंड नाही आलं का डोळ्यासमोर?”

मॅडम म्हणाल्या, “वहीत नावं नव्हती. नंबर होते, फार तर गाव आणि नातं. नाव लिहायचं नाही, असा नियमच असतो. नंबर झाला की आम्ही माणूस पाहत नाही, मावशी. पाहिलं तर काम होत नाही.”

हे त्या खरं बोलल्या, असं मला वाटतं. मी त्यांना ओळखते. पण नाव माझ्या डोक्यात होतं, आणि मला विचारायला त्यांना एक बस लागली असती.

“परत आल्या तवा तर पल्लवी मांडीवर होती,” मी म्हणाले. “वही काढून पाहिलं तुम्ही. नंबरबी समोर होता, माणूसबी समोर होतं. तवा काहून नाही सांगितलं?”

“तेव्हा सांगून काय उपयोग होता? लग्न झालं होतं. मूल झालं होतं.”

“त्याच्या मागं एक झालं होतं. सात महिन्यांचा होऊन गेला.”

मॅडमनी हातातला गिलास खाली ठेवला. म्हणाल्या, “मला माहीत आहे.”

मी वाट पाहिली, पुढं काही येईल म्हणून. आलं नाही.

मग तो तरुण डॉक्टर बोलला. बोलायला नम्र होता. “आजी, नवीन उपचारावर काम चालू आहे. तुमच्या घराण्याचं रक्त त्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पल्लवीचं तर सगळ्यात जास्त. तुम्ही नाही म्हणालात तर नुकसान तिचंच होईल.”

हे मला लागलं. कारण तो खोटं बोलत असेल असं नाही. औषध निघालं तर कदाचित अशाच रक्तातून निघेल. मी पल्लवीला रात्रभर उशी दाताखाली धरून पडलेली पाहिलेली आहे. तिच्यासाठी मी आणखी शंभर घरं फिरले असते. मी उठले. चुलीजवळ गेले, लाकूड आत सारलं, परत आले.

“आधी जुन्या वह्या आणा,” मी म्हणाले. “ज्याच्या ज्याच्या घरचं रक्त नेलं, त्याच्या घरी जाऊन सांगा. मराठीत सांगा, तोंडानं सांगा. कोणता नंबर कोणाचा ते मी सांगते. मंग नवीन रक्ताचं बोलू.”

“त्यासाठी समितीला विचारावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “वर्षही जाईल.”

“जाऊ द्या. तवरक इथं सुई टोचायची नाही.”

“आणि गावातल्या लोकांनी हो म्हटलं तर?”

“मी हात धरणार नाही. बाकी लोक पाहतीन.”

पण तेवढ्यावर सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. त्यांची गाडी गेली आणि मी चप्पल घालून निघाले. ज्या घरांत मी मॅडमना नेलं होतं त्या प्रत्येक घरात गेले. म्हणाले, तेव्हा रक्त दिलं त्याचा रिपोर्ट आला नाही याचा अर्थ साफ आहे असा नाही. मी तसं समजले, मी चुकले. तुमच्या पोरापोरींचं रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, कागद हातात घ्या, मगच सोयरीक जमवा.

काहींनी ऐकलं. दोन घरची पोरं गेली आणि तपासून आली. एका घरात बाई दारातूनच म्हणाली, “आमच्या पोरीचं जमून राहिलं आहे. तू सिकल सिकल करत दारात नको येऊ, मावशी. लोक ऐकतात.” मी निघून आले. आठ दिवसांनी परत गेले. तिनं दार उघडलं नाही. मी परत जाणार आहे. लग्न होईपर्यंत जात राहीन.

समितीचं अजून काही कळलं नाही. तरुण डॉक्टरचा दोनदा फोन आला. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. पल्लवी म्हणते, आजी, आपण देऊन टाकू का रक्त. मी तिला म्हणाले, तुझं रक्त तुझं आहे, तू मोठी झालीस की तू ठरव. पण देशील तेव्हा आधी विचार, मला याचं काय सांगाल, कधी सांगाल, आणि सांगणारा कोण. उत्तर मिळालं नाही तर बाही खाली कर. तिला हे तीन प्रश्न पाठ आहेत. गावातल्या दुसऱ्या मुलींना मी तेच पाठ करायला लावते आहे.

मॅडमच्या बक्षिसाचा फोटो पेपरात आला होता, असं सांगतात. त्यात मीही आहे म्हणे, नारळ धरून. खाली लिहिलं आहे, सिकलसेलग्रस्त कुटुंबातील एक महिला.

ती महिला मी आहे. माझा मुलगा गेला, नातू गेला, आणि नातीला दर हिवाळ्यात मी उचलून दवाखान्यात नेते.